लेन्सवाले सर

निवृत्त मुख्याध्यापक पूर्वी पारायणाला नाहीतर पतसंस्थेला लागायचे. आता ते दीडशे-सहाशेची लेन्स घेतात. अंबाजोगाईत कॉलनीगणिक असे एक सर सापडतील. ग्रॅच्युइटीतून आलेल्या त्या लेन्सची किंमत घरात वेगळी सांगितलेली असते, मित्रांत वेगळी.

मृगाच्या आसपास अंगणातल्या सीताफळाखाली नवरंग उतरला, की सरांची शाळा पुन्हा भरते. हिवाळा दक्षिणेत नाहीतर श्रीलंकेत काढून हा पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे निघतो आणि वाटेत दमला की कुणाच्याही परसात मुक्काम टाकतो. हिरवी पाठ, खांद्यावर चकाकता निळा, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक. एवढी श्रीमंती अंगावर घेऊन गडी हिंडतो कुठं, तर पाचोळ्यात, टुणटुण उड्या मारत, किडे उकरत. म्हणून सरांनी अंगण झाडायला बंदी घातली. "अहो, घर बंद आहे का म्हणून लोक विचारायलेत," हे सांगून बाई थकल्या. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. या झाडाखाली जायला मात्र आता घरच्यांनाही परवानगी लागते.

स्वतःच्याच अंगणात सर जंगली ठिपक्यांचा शर्ट घालून, वाळत घातलेल्या चादरीआड दबा धरतात. नवरंगाची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते. तमिळनाडूत तर त्याला सहाच्या ठोक्याचाच पक्षी म्हणतात. नेमका तोच शेजारच्या कुकरचा मुहूर्त. सर कुंपणावरून हात जोडतात, "वहिनी, पंधरा मिनिटं डाळ थांबवता का?" वहिनी थांबवतात. त्यांचे दोन्ही पोरं सरांच्या हाताखालून गेलेत.

झाडाखालच्या अंधारात शटर स्पीड मिळत नाही, आयएसओ चढवला की दाणे येतात, आणि फ्लॅशला सरांचा तात्त्विक विरोध. त्यामुळं बहुतेक फोटो नुकत्याच उडून गेलेल्या पक्ष्याचे असतात. एखादा साधला, की त्यावर पक्ष्यापेक्षा मोठी सही टाकून तो निवृत्तांच्या ग्रुपवर जातो. उत्तरं येतात: "शुभ सकाळ." "पोपट मस्त." "फरकाची रक्कम जमा झाली का?" कुणीतरी सुचवतं, पाटोद्याकडं नायगावला जा, तिथं 1994 पासून मोरांचं अभयारण्य आहे. सर नाक मुरडतात. मोर काय, मोबाइलवरही येतो!

सरांचं शास्त्र एकच: डोळा शार्प पाहिजे, बाकी धूसर झालं तरी चालेल. परवा पुतण्याच्या साखरपुड्याला घरचा फोटोग्राफर म्हणून त्यांनाच उभं केलं. लेन्समध्ये दोघं एकत्र मावेनात, म्हणून सर मागं सरकत सरकत मांडवाबाहेर, तिथून रस्ता ओलांडून मेडिकलच्या पायरीवर गेले. मध्ये ट्रॅक्टर आला, की थांबायचे. आता पाहुणे फोटो मागायलेत. सर अभिमानानं सांगतात, "नवरीचा डावा डोळा काय आलाय म्हणता!"