पैसावसूल पेशंट

अमेरिकेत वर्षातून एकदा होणारी तपासणी फुकट असते. फक्त ती चालू असताना आपल्याला कुठे दुखतंय ते सांगायचं नाही. 2010 साली ओबामांच्या काळात झालेल्या कायद्याने प्रतिबंधक तपासणीचा खर्च विमा कंपन्यांच्या गळ्यात टाकला. वजन, रक्तदाब, ठरावीक चाचण्या, सिगारेट ओढता का, घरात सुरक्षित वाटतं का, हे सगळं विनामूल्य. पण 'हल्ली जिना उतरताना गुडघा करकरतो' एवढं तोंडातून गेलं की ती तपासणी राहत नाही, तक्रार होते. आणि तक्रारीचं बिल वेगळं. हे वाक्य मी निघता निघता, पट्टा आवळताना, चार गप्पा माराव्यात म्हणून बोललो. डॉक्टरांनी लांबूनच गुडघ्याकडे पाहिलं, 'वय' म्हणाले आणि कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली. त्या वाक्याचे 168 डॉलर झाले.

बिल लगेच येत नाही. आधी विमा कंपनीचं पत्र येतं. त्यात आकड्यांचे चार रकाने असतात आणि वर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही' असं लिहिलेलं असतं. ते वाचून मी निर्धास्तपणे कागद रद्दीत टाकायचो. मग बायको तो रद्दीतून काढायची, कारण पंधरा दिवसांनी दवाखान्याचं जे पत्र यायचं त्यात तोच आकडा असायचा आणि तेव्हा ते बिल असायचं. फोन लावला तर दवाखाना म्हणतो विमा कंपनीला विचारा, विमा कंपनी म्हणते दवाखान्याने कोड तसा टाकलाय.

हे कोड प्रकरण मी मुळापासून वाचून काढलं. ऑक्टोबर 2015 पासून इथे आजारांची आयसीडी-10 नावाची यादी लागू आहे. जवळपास 70,000 कोड. कोंबडीने चोच मारली तर त्याचा कोड आहे. माणूस जेट इंजिनात ओढला गेला तर त्याचाही आहे, आणि नंतर तो फॉलो-अपला आला तर त्याचा आणखी वेगळा. मी राहतो विचिटाला, कॅन्ससमध्ये. सेस्ना, बीचक्राफ्ट, लिअरजेट ही सगळी याच गावची लेकरं, आणि माझी नोकरीही विमानांच्याच सुट्या भागांची. त्यामुळे इंजिनात जाऊन परत फॉलो-अपला आलेल्या त्या इसमाबद्दल मला विशेष आदर आहे. विमा कंपनीने त्यालाही नक्की विचारलं असणार, आत जाण्यापूर्वी परवानगी घेतली होती का?

नोकरी आणि विमा यांची ही गाठ कुणी मुद्दाम विचार करून बांधलेली नाही. 1929 साली डलासच्या एका हॉस्पिटलने शिक्षकांना महिना 50 सेंटमध्ये वर्षाला 21 दिवस खाट द्यायची योजना काढली, ती इथल्या आजच्या आरोग्य विम्याची सुरुवात. 1942 मध्ये महायुद्धामुळे सरकारने पगार गोठवले. पगार वाढवता येईना म्हणून कंपन्या विमा देऊ लागल्या. पुढे त्यावर करसवलत मिळाली आणि तात्पुरता मांडव कायमचा झाला. युद्ध संपलं, माझ्या पगारातून प्रीमियम कापणं संपलं नाही.

तर असा पोळलेला असताना ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला 'डायरेक्ट प्रायमरी केअर'चं सांगितलं. विमा मध्ये नाहीच. डॉक्टरला महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, साधारण 50 ते 150 डॉलर, आणि मग कितीही वेळा जा. दर भेटीला खिशातून द्यायचा कोपे नाही, कोड नाही, पत्र नाही. डॉक्टरचा मोबाइल नंबर मिळतो. टाके, ईसीजी, चामखीळ काढणं त्यातच. रक्ताच्या चाचण्या लॅबच्या घाऊक भावात. ही कल्पना सिॲटलकडची. तिथे 2007 साली क्वालियन्स नावाची कंपनी निघाली, जेफ बेझोसनी तिच्यात पैसे घातले, तरी 2017 मध्ये ती बंद पडली. पण एकेकट्या डॉक्टरांनी काढलेले छोटे दवाखाने तगले. आमच्या विचिटातच 2010 पासून ॲटलस एमडी आहे, देशभरातले डॉक्टर त्यांची पद्धत शिकून घेतात. मी गेलो तो दवाखाना दुसरा. एकट्या डॉक्टरीणबाई, एक नर्स आणि एक माशांची टाकी.

सांगलीला काकांना फोनवर हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे डॉक्टर ओळखतो, फोन उचलतो आणि भाव आधी सांगतो. बरं, मग यात नवीन काय?"

हॉस्पिटलची वेळ आलीच तर असावा म्हणून मोठ्या डिडक्टिबलचा एक स्वस्त विमा ठेवला. म्हणजे वर्षाचे पहिले 6,000 डॉलर माझे, नंतर कंपनी खिशात हात घालणार. आणि बाईंचे महिना 75 डॉलर सुरू झाले.

पहिली भेट एक तासाची. विम्याच्या दवाखान्यात एका डॉक्टरमागे 2,000 च्या वर पेशंट असणं नेहमीचं आहे. या पद्धतीत 600 ते 800, म्हणून एवढा वेळ. उरलेल्या पेशंटांनी जायचं कुठे, हा प्रश्न मला पडला होता. पण मी सहाशेंत होतो, त्यामुळे फार वेळ पडला नाही. बाई कॉम्प्युटर बंद करून, गुडघ्यांवर हात ठेवून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा." मला इतक्या वर्षांची सवय अशी की डॉक्टरचा हात दाराच्या मुठीवर जायच्या आत सगळं उरकायचं. मी भराभर बोललो. झोप, पित्त, गुडघा, संपलं. बाई हसल्या. "आणखी?" घड्याळात बावन्न मिनिटं शिल्लक होती. पैसे भरलेली मिनिटं अशी नुसती वाहून जाताना बघवेनात. मी वडिलांचा मधुमेह सांगितला, आत्याचा दमा सांगितला, आजोबांची मूळव्याध त्यांच्या हयातीत घरात कुणाला माहीत नव्हती तीसुद्धा सांगितली. बाई मन लावून लिहून घेत होत्या.

इथे माझ्या जडणघडणीबद्दल थोडं सांगायला हवं. मी पुण्यात सदाशिव पेठेत मेसवर जेवून इंजिनिअर झालो. महिन्याचे पैसे आधी भरलेले असत, त्यामुळे रविवारच्या फीस्टसाठी आम्ही शनिवारी रात्री उपाशी राहायचो. तोच पिंड घेऊन मी महिन्याच्या बोलीवरच्या डॉक्टरकडे आलो होतो.

वसुली सुरू झाली. अंगठ्याचं नख, जीभ, डोळ्याचा खालचा कोपरा यांचे फोटो मी बाईंना पाठवू लागलो. प्रत्येकाला उत्तर यायचं, तेही सभ्य. एका रात्री मनगटाच्या वर काळसर डाग दिसला. कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही. त्वचेच्या कॅन्सरच्या माहितीत देतात ती सगळी लक्षणं. मी तीन कोनांतून फोटो काढले, मोजमापाला शेजारी एक नाणं ठेवलं. बाईंचा मेसेज आला, "ओल्या कापडाने पुसून पाहिलंत का?" पुसला. गोडा मसाला होता. दुपारी आईने पाठवलेली पिशवी मीच फोडली होती.

मग चाचण्या. कोलेस्टेरॉल दहा डॉलरच्या आत होतंय म्हटल्यावर माझा हात थांबेना. थायरॉइड घ्या, युरिक ॲसिड घ्या, लोह घ्या, जीवनसत्त्वं तर सगळीच घ्या. निकाल आला: बी-12 कमी, डी कमी. वरणभातावर वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे रक्त न काढता सांगता आलं असतं. बाईंनी गोळ्या दिल्या, त्याही घाऊक भावात, आणि सहा महिने लॅबचं नाव काढू नका म्हणाल्या. त्यांच्या हिशेबात मी जितका कमी येईन तितका त्यांचा फायदा आणि मी बरा असेन तर दोघांचाही. पेशंट बरा राहण्यात डॉक्टरचा फायदा असणं ही गोष्टच मला संशयास्पद वाटत होती.

सप्टेंबर उजाडला. गावातल्या मराठी मंडळींनी शाळेचा हॉल घेऊन गणपतीचा कार्यक्रम केला. पंचवीस वर्षांनी मी ढोल कमरेला बांधला, तरुण पोरांनी आग्रह केला म्हणून नव्हे तर ते नको म्हणत होते म्हणून. नंतर बटाटेवडे. रात्री दोनला जाग आली ती छातीत डाव्या बाजूला कळ घेऊनच. सवयीने बाईंना मेसेज केला. या वेळी मेसेज आला नाही, थेट फोन वाजला.

"ताबडतोब 911 ला फोन करा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही दवाखाना उघडाल का? मी दहा मिनिटांत पोचतो. ईसीजी मेंबरशिपमध्ये आहे ना?"

"ईसीजी आहे. कॅथलॅब नाही. फोन बायकोकडे द्या."

बायकोने ॲम्ब्युलन्स बोलावली. तेवढ्या वेळात मी, एक हात छातीवर ठेवून, दुसऱ्याने मोबाइलवर शोधत होतो. 2022 पासून इथे एक कायदा आहे: इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या हॉस्पिटलने परस्पर जादा बिल लावायचं नाही. त्यात हेलिकॉप्टर येतं. चाकांची ॲम्ब्युलन्स येत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेने पाहिलं तर मी आकाशमार्गे गेलेलं बरं होतं. दारात दोन धिप्पाड तरुण स्ट्रेचर घेऊन आले आणि त्यातल्या एकाने विचारलं, एक ते दहामध्ये कळ किती आहे? मी विचारलं, तुम्ही नेटवर्कमध्ये आहात का? त्याने दुसऱ्याला 'पेशंट गोंधळलेला आहे' असं लिहायला सांगितलं.

हॉस्पिटलात ईसीजी झाला, हृदयाला इजा झाली असेल तर रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने दोनदा तपासलं. ईसीजीत एक बारीकशी वाकडी रेघ दिसली आणि तिथल्या डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घ्यायची भाषा सुरू केली. तेवढ्यात आमच्या बाईंनी माझा मार्चमधला ईसीजी त्यांना पाठवला आणि फोनवर बोलल्या. तीच रेघ तशीच तिथेही होती. ती माझी जन्माची असावी. पहाटे मला सोडलं. निदान: ढोलाने छातीचे स्नायू दुखावले. मार्चमध्ये तो ईसीजी निव्वळ पैसे वसूल करायला काढून घेतला होता, हे मी बायकोला आजवर चारचौघांत पुन्हा पुन्हा ऐकवतो.

मग पत्रं आली, 'हे बिल नाही'वाली. ॲम्ब्युलन्सचं, हॉस्पिटलचं, इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं वेगवेगळं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी प्रत्येक कलमाची यादी मागितली, तेव्हा एक-दोन कलमं आपोआप गळाली. सगळी बेरीज करून आकडा थांबला तो 6,000 ला जेमतेम 200 कमी. म्हणजे विमा कंपनीचा उंबरठा मी बोटभर अंतरावरून पाहिला आणि कंपनीचा एक पैसा खर्च झाला नाही. 31 डिसेंबरला हे खातं पुसून पुन्हा शून्यावर येणार. मी बाईंकडे गेलो आणि विचारलं, वर्ष संपायच्या आत माझं कुठलं ऑपरेशन करता येईल? नाकाचं हाड वाकडं आहे असं शाळेत एकदा कुणी तरी म्हणालं होतं. बाईंनी नाकात दिवा घालून पाहिलं, हाड सरळ असल्याचं सांगितलं आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. त्याचं काहीच बिल झालं नाही.

आता जानेवारी 2026 पासून नवीन नियम आला आहे. पूर्वी या मासिक पद्धतीत गेलं की करमुक्त हेल्थ सेव्हिंग्ज खात्यात पैसे टाकायला बंदी होती, म्हणून मी ते खातं गोठवून ठेवलं होतं. जुलै 2025 च्या कायद्याने ती अट गेली. आता डॉक्टरची महिन्याची फी त्याच खात्यातून देता येते, एका माणसाला 150 डॉलरपर्यंत, कुटुंब असेल तर 300. रविवारी सकाळी चहा घेताना मी हिशेब मांडला. माझी फी 75, म्हणजे निम्मी मर्यादा दर महिन्याला वाया. बायको आली तर मर्यादा 300 होते आणि दोघांची फी होते 150. तरी निम्मी वायाच, पण ती आता दोघांत विभागून. शिवाय तिचा एक तास, तिच्या चाचण्या, तिचे ईसीजी. मी कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो उलटा केला, त्यावर वाण्याची यादी लिहायला घेतली आणि म्हणाली, "मला काही होत नाहीये. तुझे पैसे वसूल करायला मी आजारी पडणार नाही. गोडा मसाला संपलाय का बघ."