बाजारबुणग्यांविना पानिपत

इतिहासाच्या तासाला पडद्यावर व्हिडिओ गेम सुरू झाला, की विद्यार्थी पहिल्यांदाच समोर बघतात, प्राचार्य दाराच्या काचेतून बघतात आणि शिपाई आत येऊन बघत बसतो.

प्राचार्यांपुढे मी दाखले ठेवले. १९७१ साली मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविट्श या शिकाऊ शिक्षकाने इतिहास शिकवायलाच 'ओरेगॉन ट्रेल' हा खेळ काढला. टेनेसी विद्यापीठात 'रेड डेड रिडेम्पशन'च्या आधारे अमेरिकेचा इतिहास शिकवतात. सर म्हणाले, "करा. पण अहवालात 'आयसीटी-आधारित अध्यापन' असंच येऊ द्या."

आमचा खेळ 'एम्पायर: टोटल वॉर', २००९ चा. त्यात १७०० सालापासून मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. एक डाव म्हणजे सहा महिने. १७०० सालीच राजाराम महाराज गेले, साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा होता आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. हे मी दरवर्षी सांगतो, मुलं दरवर्षी पेंगतात. यंदा मात्र प्रत्येकाला सरदार व्हायचं होतं. खजिनदार व्हायला एकही तयार नाही! काही डावांतच तिजोरीत खडखडाट झाला. मग शेवटच्या बाकावरचा एक जण पुढे आला. त्याची हजेरी मी आजवर ऐकीव माहितीवर लावत होतो. त्याने कर वाढवला, तशी रयत खवळली. "सर, पैसा आणायचा कुठून?" तो कळवळून म्हणाला. चौथाई, सरदेशमुखी आणि सावकारांची देणी मुलांनी आपणहून विचारण्याची ही पहिलीच वेळ.

खरी गंमत फौज उत्तरेकडे निघाली तेव्हा आली. एक क्लिक, की लष्कर चाललं. ना बैल, ना वैरण, ना यात्रेकरू, ना बाजारबुणगे. मी खेळ थांबवून विचारलं, "यांच्या जेवणाचं काय?" वर्ग चिडीचूप. १७६१ च्या पानिपतावर अब्दालीने मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांची रसद तोडली आणि लढाईआधीच छावणी उपाशी पडली, हे सांगताना त्या दिवशी कुणाचाही मोबाइल वाजला नाही. खेळ जे गाळतो, तिथेच मास्तराला बोलायला जागा मिळते.

चाचणीत प्रश्न घातला : पानिपतच्या पराभवाची तीन कारणे लिहा. आमच्या खजिनदाराने लिहिलं : १. रसद तुटली. २. पैसा संपला. ३. भाऊसाहेबांना 'सेव्ह' करायची सोय नव्हती.

मी तीनपैकी तीन दिले. फेरतपासणी करणाऱ्या सहकाऱ्याने एक कापला आणि शेरा मारला : "तिसऱ्या कारणाला संदर्भग्रंथ द्यावा."