डोळ्यांपुरतं हॉलंड

१९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, सुएझ कालवा बंद पडला आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका गिरगावात राहणाऱ्या आमच्या आईला बसला. तिचा धाकटा भाऊ बोटीवर होता, आणि युरोपहून निघालेली बोट आता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला यायची. कालवा पुन्हा उघडला १९७५ च्या जूनमध्ये. मधली आठ वर्षं आईने इजिप्तचे नासर, मागून आलेले सादात आणि पलीकडच्या, इस्रायलच्या गोल्डा मायर यांचा अजिबात पक्षपात न करता उद्धार केला. चाळीतल्या बायकांना केप ऑफ गुड होप कुठे आहे हे ठाऊक होतं ते आईमुळे. शाळेचा त्यात काही हात नव्हता.

मामाचा भूगोल मात्र वेगळा होता. त्याच्या नकाशावर देशांच्या जागी माल असायचा. सिंगापूर म्हणजे चेंज अ‍ॅलीत घासाघीस करून घेतलेलं घड्याळ, कोबे म्हणजे घडीची छत्री, हॅम्बुर्ग म्हणजे वडिलांचं दाढीचं सामान. त्या त्या गावात बघण्यासारखं काय आहे असं विचारलं की तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "पुष्कळ आहे."

रॉटरडॅमच्या एका फेरीत त्याने व्ह्यू-मास्टर आणला. काळपट प्लॅस्टिकची दुर्बिणीसारखी वस्तू, उजव्या बाजूला दांडी, आणि सोबत तीन चकत्यांचं पाकीट: हॉलंड. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चकतीच्या कडेने नखाएवढ्या चौदा रंगीत फिल्म्स बसवलेल्या. चकती वरच्या खाचेत सारायची, तोंड उजेडाकडे करायचं आणि दांडी दाबायची. खट्! पवनचक्की. खट्! ट्यूलिपची शेतं. खट्! लाकडी बूट घातलेली, टोपीवाली गोरी पोरगी, जिच्यावर आमच्या मजल्यावरच्या चार मुलांचं एकाच वेळी प्रेम बसलं.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत रांग. नळावर बादली ठेवून नंबर लावतात तसे लोक चपला ठेवून नंबर लावून जायचे. एका चकतीत सातच दृश्यं, त्यामुळे आठव्यांदा दांडी दाबणाऱ्याला मागून धपाटा बसे. वडिलांना मेहुण्याचं कौतुक करायची सवय नव्हती. त्यांनी एकदा डोळे लावले, "ठीक आहे, फोटोच आहेत," म्हणाले आणि परत दिला. त्या रात्री सगळी निजल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखालून बराच वेळ खट्, खट् ऐकू येत होतं.

भांडण लागलं ते आजीमुळे. सगळे "काय खोल दिसतंय गं!" करत असताना ती ठामपणे म्हणाली, "कसलं खोल? कॅलेंडरावर बरी चित्रं असतात." पोरांनी तिच्या हातातला व्ह्यू-मास्टर सरळ केला, उलटा केला, उन्हात नेला. आजी हटेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी उलगडा केला. चौदा फिल्म्स आणि दृश्यं सातच, कारण एकेका दृश्याचे दोन फोटो असतात, दोन डोळ्यांच्या अंतराइतक्या फरकाने घेतलेले. डावा डोळा एक बघतो, उजवा दुसरा, आणि मेंदू दोन्ही जुळवून खोली तयार करतो. आजीच्या एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू होता. तिच्या वाट्याला अर्धंच हॉलंड येत होतं. निदान झालं तरी तिने माघार घेतली नाही. "म्हणजे तुम्हाला दिसतं ते खोटंच की! मला आहे तसं दिसतं," असं म्हणून ती आत गेली, आणि शास्त्राच्या दृष्टीने तिला उत्तर देणं मास्तरांनाही जमलं नाही.

या यंत्राचा जनक विल्यम ग्रूबर हा मूळचा जर्मन, अमेरिकेत पोर्टलंडला पियानोचे सूर लावून पोट भरणारा. १९३८ मध्ये ऑरेगन केव्हज् या गुहा बघायला गेला असताना तो दोन कॅमेरे एका तिपाईला जोडून फोटो काढत होता. तिथे त्याला छायाचित्रांच्या धंद्यातले हॅरल्ड ग्रेव्हज् भेटले, 'हे काय चाललंय?' अशी चौकशी झाली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात माल विक्रीला आला. पुढे महायुद्धात अमेरिकन लष्कराने त्यावर सैनिकांना विमानं ओळखायला शिकवलं, आणि डेव्हिड बॅसेट नावाच्या डॉक्टरांनी ग्रूबरला हाताशी धरून अख्खं मानवी शरीर, कापून उघडून, या चकत्यांत बसवलं. तसली एखादी चकती मामाच्या हाती लागली नाही, हे आमच्या चाळीचं नशीब. रांगेत सगळ्यात पुढे आजी असायची.

तर मामा. आम्ही त्याला विचारायचो, "मामा, तू त्या पवनचक्कीत गेलास?" तो म्हणायचा, "आत नाही गेलो. बाहेरूनच." आम्हाला ते फार रुबाबदार वाटायचं. खरा प्रकार कळायला मला नोकरीला लागावं लागलं. मामा इंजिनात तेलवाला होता. चार तास पाळी, आठ तास सुट्टी, आणि त्या सुट्टीत झोप, धुणं, जेवण. धक्क्याला लागल्यावर जो काही वेळ मिळे तो आमच्या याद्या पुऱ्या करण्यात जाई: आईचं साडीचं कापड, काकूचा साबण, वडिलांची पाती. रॉटरडॅमपासून पंधराएक किलोमीटरवर किंडरडाइकला एकोणीस जुन्या पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. मामा त्या बंदरात कितीदा उतरला, पण त्याने पाहिल्या त्या क्रेन. हॉलंडही त्याने पहिल्यांदा पाहिलं ते दुकानाच्या काउंटरवर, चकती चालते का हे तपासताना. हे त्यानेच मला सांगितलं, निवृत्त होऊन दाभोळला गेल्यावर, सुपाऱ्या सोलता सोलता, आणि वर म्हणाला, "तुझ्या आईला नको सांगू. तिने माझ्यापायी इस्रायलशी वैर घेतलंय."

मी सांगितलं नाही. त्यामुळे घरातला हॉलंडचा जाणकार ही मामाची पदवी अबाधित राहिली. परवा माझ्या भाचीला आइंडहोवनला नोकरी लागली, तेव्हा निघण्याआधी तिला आशीर्वादासाठी मामाला फोन लावून दिला. आता त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो ओरडून बोलतो आणि फोन स्पीकरवर ठेवावा लागत नाही. ट्यूलिप कधी फुलतात, लाकडी बूट कुठे चावतात, सगळं त्याने चोख सांगितलं. भाची भारावून म्हणाली, "आजोबा, मी पवनचक्की आतून बघणार आहे!"

पलीकडून मामा गरजला, "आत कशाला जातेस? बाहेरूनच बघ. आणि येताना साबण आण."