औषध काढून घेणारा डॉक्टर

आमच्या नात्यात एक डॉक्टर आहे, बहिणीचा धाकटा. गडहिंग्लजात त्याला आजवर कुणी नाडी दाखवलेली नाही, कारण तो औषध देत नाही. असलेलं काढून घेतो.

बी.एस्सी. गावात, एम.एस्सी. शिवाजी विद्यापीठात, पीएचडी पुण्यात. तिथं पेशीच्या आत जंतू कसे दडून बसतात ते बघत होता. आता परदेशात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या मागं लागलाय. चाळिशी आली तरी फेलोशिपवरच आहे. काळभैरवाच्या यात्रेला आला की मावश्या घेरतात, "अजून शिकालायस व्हय रे? कायम कधी होणार?"

"पेपर रिव्ह्यूत आहे, मावशी."

दोन वर्षं एकच पेपर तपासणारे मास्तर कसले, हे मावशींना कळत नाही. खरं तर त्यालाही कळत नाही.

मामाकडं आला की चहा यायच्या आत तो औषधांचा डबा मागतो. बिस्किटांचा, झाकण न बसणारा हा डबा घरोघरी असतोच. एकेक पाकीट उजेडात धरायचं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न घ्यायच्या औषधांवरची उभी लाल रेष दिसली की बाजूला ठेवायचं.

"मामी, पाचातल्या तीन गोळ्या शिल्लक कशा?"

"दोनात बरं वाटलं. उरलेल्या शेजारच्या वहिनींना ठेवल्यात. त्यांचाबी घसा धरलाय."

"अगं मामी, जंतूसुद्धा हेच करतात!"

मग व्याख्यान. औषधावर मात करणारं जनुक एका जंतूला गवसलं की तो ते शेजाऱ्याला देऊन टाकतो, शेजारी जातभाई नसला तरी. काही जंतू औषधाचे तुकडे पाडतात, काही आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकतात.

"म्हणजे गोलकीपरच की," आमचा फुटबॉलवेडा थोरला भाऊ म्हणतो.

"हां, पण हा गोलकीपर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो." खायला मिळत राहिलं तर रात्री निजताना एक असलेला जंतू आठ तासांनी १ कोटी ६७ लाख झालेला असतो. एवढं ऐकून मामीनं काढलेला निष्कर्ष असा, की जंतूंचा शेजारधर्म आपल्याहून बरा.

"डेटा काय म्हणतो?" हे त्याचं पालुपद. हळदीच्या दुधानं खोकला गेला म्हणावं, तर "किती जणांचा? न पिणाऱ्यांचा किती दिवसांत गेला?" मिरचीचा दर चढणार म्हणावं, तर "कशावरून?" कोंबडीवाल्यालाही सोडत नाही. खाद्यात काय घालता विचारतो, कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांना द्यायला २०१९ पासून बंदी आहे हे बजावतो आणि घरी येऊन पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी मागतो. तिथं डेटा लागत नाही.

त्याचं खरं वाजतं ते आमच्या वडलांशी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्या काळातली ही माणसं. पेनिसिलिननं मरणाच्या दारातनं परतलेले लोक त्यांनी डोळ्यांनी बघितलेत. त्यांच्या लेखी सुई म्हणजे देव.

"आजोबा, १९२८ साली पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनंच १९४५च्या नोबेल भाषणात बजावलं होतं. डोस कमी पडला की जंतू औषधाला सरावतात."

"त्येचं कुणी ऐकलं न्हाई, तुझं कोण ऐकणार?"

यावर तो हुकमी आकडा काढतो. २०१९ या एका वर्षात जंतूंवर औषध न चालल्यामुळं जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं गेली. पंगत गप्प होते. मग कुणीतरी भात वाढायला घेतं.

वैताग येतो खरा. पण त्याच्या धंद्यातली गोची बघा. दवाखान्यातल्या डॉक्टरनं वाचवलेला पेशंट पेढे घेऊन येतो. याच्या कामामुळं तीस वर्षांनी कुणाला तरी साधं औषध लागू पडेल, तो पेढे कुणाला देणार? आपण वाचलो हे त्याला कळणारसुद्धा नाही.

तेव्हा असा कुणी तुमच्या नात्यात असला तर 'कायम कधी होणार' एवढं तेवढं विचारू नका. आणि सर्दी विषाणूंमुळं होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मेडिकलमधनं परस्पर आणू नका. डॉक्टरनं लिहून दिलं तर सांगितलं तितकंच घ्या, आणि वहिनींना त्यांच्या डॉक्टरकडं जाऊ द्या.