कंद, अंगठी आणि साप्ताहिक

लेडी ऱ्होंडा हे मोठं करारी प्रकरण होतं. बायकांच्या मताधिकारासाठी त्यांनी एकदा चक्क टपालपेटी पेटवून दिली आणि तुरुंगात गेल्या. पुढे वडिलांची उमरावकी वारशाने आली, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्समधली खुर्चीही मागितली. १९२२ साली लॉर्डमंडळींनी ती नाकारली. अशा बाईंनी लंडनमध्ये काढलेलं ‘टाइम अँड टाइड’ हे साप्ताहिक. राजकारण, स्त्रियांचे कायदे, पुस्तक-परीक्षणं असा सगळा भारदस्त मामला. त्यात १९२९ च्या डिसेंबरात एक रोजनिशी क्रमशः येऊ लागली. तिची सुरुवात कशाने? घरातल्या कुंड्यांत फुलांचे कंद लावण्याने!

लिहिणाऱ्या बाई ई. एम. डेलाफील्ड. डेव्हनमधल्या खेड्यात नवरा-मुलं सांभाळून कादंबऱ्या लिहायच्या. संपादिकाबाईंना काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. यांनी आपल्या घरासारखंच एक घर उघडून दाखवलं. रोजनिशीतली बाई कंद लावायला बसते न बसते तोच लेडी बॉक्स येऊन टपकतात आणि ‘उशीरच झाला नाही का?’ असं सुनावतात. रोजनिशीवालीचा नवरा रॉबर्ट याच बाईंचा जमीनजुमला पाहतो, तेव्हा उलट बोलायची सोय नाही. हा रॉबर्ट संध्याकाळी ‘टाइम्स’ उघडतो आणि त्याच्याआडच पेंगतो. स्वैपाकीण काम सोडून जाईल ही धास्ती तर बारमाही.

मला विचाराल तर हे सगळं गंभीर लेखांच्या शेजारी छापलं, यातच लेडी ऱ्होंडांचं संपादकपण दिसतं. १९२८ साली बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं खरं, पण उद्या जेवायला काय करायचं हा प्रश्न रॉबर्टकडे काही गेला नाही.

आणखी एक गंमत. ही रोजनिशीवाली स्वतः ‘टाइम अँड टाइड’ वाचते, त्यातल्या स्पर्धांना मजकूरही पाठवते! म्हणजे ज्या साप्ताहिकात आपली फजिती छापून येते, त्याच्याच बक्षिसावर डोळा. बक्षिसाची गरजही तशीच. बँकेच्या पत्रांना तोंड देणं अशक्य झालं, की म्हाताऱ्या नातलग बाईकडून आलेली हिऱ्याची अंगठी घेऊन ती प्लिमथ गाठते. तिथला गहाणवटवाला आता घरचाच झालाय. या खेपेला नाव कुठलं घालू, असं तो मोठ्या आपुलकीने विचारतो.