हरले की आलेख, जिंकले की आलेख
आकडे खोटं बोलत नाहीत, म्हणे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या काळात इतका संथ खेळे, की प्रतिस्पर्ध्यासोबत प्रेक्षकही जेरीस येत. बचाव मात्र चिवट. 2018 साली हा अव्वल मानांकित संघ सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाकडून 54-74 असा हरला. पुरुषांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत अव्वल विरुद्ध सोळावा अशा त्याआधीच्या 135 सामन्यांत असं एकदाही घडलं नव्हतं. तज्ज्ञांनी आलेख काढून निदान केलं: संथपणा नडला! पुढच्याच वर्षी त्याच चालीनं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. तोच आलेख आता यशाचं गमक ठरला. 2021 आणि 2023 मध्ये संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, तेव्हा तो पुन्हा रोगाचं कारण. बेनेट 2024 मध्ये निवृत्त झाले; विश्लेषक अजून कामावर आहेत.