अंतरपाट काही हलेना

मागच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये माझ्या सख्ख्या भावाचं लग्न बत्तीस मिनिटं अडकून पडलं होतं. नवरा पाटावर उभा, नवरी पाटावर उभी, मध्ये अंतरपाट. मामाने अक्षतांची मूठ उगारलेली, गुरुजींनी आ वासलेला, मागे करवलीच्या हातातला करा तिरका झालेला. आणि समोरच्या सोफ्यावर तेच नवरानवरी, आता एकाला साखर आणि एकीला गुडघे, आपलं लग्न लागतंय की नाही याची वाट बघत बसलेले. सनई मात्र वाजत होती.

दोष माझाच. दादा-वहिनींच्या लग्नाची १९९३ सालची ई-१८० कॅसेट मी मोठ्या हौसेने संगणकात भरून घेतली होती. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं, त्याला माळ्यावर बसवलं आणि त्याच्यातलं फोल्डर घरच्या नेटवर्कवर सगळ्यांसाठी खुलं केलं. हॉलमधल्या डेस्कटॉपवरही लिनक्सच. "आता सीडी नको, पेनड्राइव्ह नको, माळ्यावरून चित्र थेट खाली उतरणार," असं मी त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आमंत्रणातच सांगून ठेवलं होतं. सीमांतपूजनाला चित्र तीनदा अडकलं, गौरीहराला दोनदा. तेव्हा आवाजही बंद पडायचा आणि पाचसहा सेकंदांनी दोन्ही धापा टाकत पुढे निघायचे. अंतरपाटापाशी मात्र कायमचंच ठाण मांडलं. म्हणजे मला तरी तसं वाटलं. चित्र थांबलं, की तिसऱ्या सेकंदाला मी झडप घालून प्लेअर बंद करायचो, परत उघडायचो, परत त्याच जागी आणायचो. वहिनी मधूनमधून "अहो भाऊजी, मी काय म्हणते..." असं काहीतरी म्हणत होत्या. तांत्रिक कामात बायकामाणसांनी लुडबुड करू नये अशा मताचा मी नाही. त्या दिवशी फक्त मला वेळ नव्हता.

दादाने सोफ्यावरूनच मुद्दा काढला. "अमेरिकेतला माणूस यूट्यूबवर न अडकता बोलतो. आणि तुला आपल्याच माळ्यावरचं लग्न खाली आणता येत नाही?"

पिकतं तिथे विकत नाही, ते असं. पण दादाला काय सांगणार? यूट्यूब हा मुरलेला व्यापारी आहे. रस्ता तुंबला की गुपचूप हलका माल पाठवतो, शिवाय पुढचा मिनिटभराचा साठा आधीच तुमच्या कोठारात टाकून ठेवतो. माझी फाइल मात्र बाणेदार. व्हिडिओ भरून देणाऱ्याला मी "क्वालिटीत तडजोड नको" असं बजावलं होतं, त्याने ती डीव्ही पद्धतीने भरली. म्हणजे नुसत्या चित्राचे सेकंदाला अडीच कोटी बिट आणि तासाला सुमारे तेरा जीबी. तीन तासांच्या लग्नाचे एकोणचाळीस. वहिनींच्या शालूचा रंग मूळ कॅसेटमध्येच उडाला होता. तो उडालेला रंग आता सेकंदाला अडीच कोटी बिट या दराने, एक बिटही कमी न करता, माळ्यावरून उतरवायचा होता.

बंगळुरूला असलेल्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, आधी ती फाइल डेस्कटॉपवर कॉपी कर आणि तिथून लाव. तिथेही त्याच जागी अडकली तर नेटवर्कचा संबंध नाही. मग पुढचं बघू."

हा सल्ला मी ताबडतोब बाजूला ठेवला. एक तर एकोणचाळीस जीबी उतरायला लग्नापेक्षा जास्त वेळ लागला असता. आणि दुसरं, एवढंच सोपं करायचं तर माणसाने लिनक्स घ्यावं कशाला?

मग आठवडाभर जे झालं, त्याला घरात 'काकांचं अनुष्ठान' असं नाव पडलं आहे.

सोमवारी पिंग केलं. माळ्यावरून तीन मिलिसेकंदांत उत्तर. मेहुणा शेजारी बसला होता, तो म्हणाला, "बघा, नेटवर्क एकदम ओके." पिंग म्हणजे दारावर टकटक करून "आहात का?" असं विचारणं. आतून "आहे" असा आवाज आला म्हणजे तो माणूस गव्हाचं पोतं चौथ्या मजल्यावर चढवून देईल असं नव्हे. मेहुण्याचा पुढचा सल्ला "विंडोज टाका" हा होता. त्याचा सल्ला कुठल्याही आजारावर हाच असतो. मागे नळ गळत होता तेव्हाही मला धास्ती वाटली होती.

मंगळवारी व्हीएलसी. रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चित्र असलेला हा प्लेअर जन्माला आला तोच मुळी नेटवर्कवरून चित्र दाखवायला. पॅरिसच्या इकोल सेंत्रालमधल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवं होतं. ते मागायला काहीतरी भारदस्त कारण पाहिजे, म्हणून १९९६ मध्ये त्यांनी कॉलेजभर व्हिडिओ पाठवण्याचा प्रकल्प काढला. हे वाचून मला त्या पोरांविषयी आपुलकी वाटली. आम्हीही इंजिनिअरिंगला अभ्यासाच्या नावाखाली स्कूटर मिळवली होती. या प्लेअरमध्ये कॅशिंग म्हणून एक रकाना असतो, चित्र सुरू करण्यापूर्वी किती साठा हाताशी ठेवायचा ते सांगायचा. आकडा मिलिसेकंदांत. मी दहा हजार लिहिले, म्हणजे दहा सेकंद. फरक पडला. पूर्वी चित्र लगेच सुरू होऊन लगेच अडकायचं, आता दहा सेकंद विचार करून मग अडकायला लागलं. नळाला पाणीच करंगळीएवढं येत असेल तर मोठी बादली लावून ती लवकर भरत नाही, हे मला टाकीवाल्या सोसायटीत जन्म काढूनही कळलं नव्हतं.

बुधवारी साम्बा. हा नाच नव्हे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९२ च्या सुमारास असा प्रोग्राम बाहेर आणला, की ज्यामुळे युनिक्स जातीच्या यंत्रावरच्या फाइली दुसऱ्या पंगतीतल्या संगणकांनाही वाढता येतात. त्या संगणकांच्या बोलीचं नाव एसएमबी. प्रोग्रामचं पहिलं नाव दुसऱ्या कुणाच्या मालकीचं निघालं, तेव्हा त्याने इंग्रजी शब्दयादीतून एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द संगणकाकडूनच शोधून काढले, आणि त्यातला साम्बा उचलला. आमच्याकडे बारशाला आत्या लागते.

तर, फाइल मॅनेजरमध्ये शेअरवर टिचकी मारून फाइल उघडली, की ती थेट येत नाही असं कळलं. मध्ये जीव्हीएफएस नावाचा एजंट असतो. आरटीओबाहेरचा असतो तसाच. ओळख करून देतो, फॉर्म भरतो, काम होतं, पण प्रत्येक कागद त्याच्या हातून जातो. कागद चार असले तर ठीक. सेकंदाला अडीच कोटी असले की तोही दमतो. मी एजंटाला रजा देऊन टर्मिनलमधून रीतसर माउंट केलं. पाच अडकण्यांपैकी दोन कमी झाल्या. त्या रात्री मी बासुंदी मागवली.

गुरुवारी घमेंड नडली. साम्बा हवाच कशाला, दोन्हीकडे लिनक्स आहे तर एनएफएस लावू, असं ठरवलं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये काढलेली ही पद्धत, माझ्या दहावीच्या आसपासची. लावली, आणि चित्राबरोबर अख्खं फोल्डरच गोठलं. कर्नलच्या नोंदवहीत ओळ आली, तिचा मराठीत अर्थ असा: सर्व्हर उत्तर देत नाही, तरी प्रयत्न चालू आहेत. थोड्या वेळाने दुसरी: सर्व्हर ठीक. मग पुन्हा पहिली. पाणीपुरवठा विभागाचा फलक इतक्या प्रामाणिकपणे कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. आणि हे 'प्रयत्न चालू' किती काळ? 'हार्ड' माउंट असेल तर सर्व्हर परत येईपर्यंत. मूळ तरतूदच तशी आहे. 'सॉफ्ट' केलं तर तो थोड्या प्रयत्नांनी नाद सोडतो आणि चूक झाली म्हणून कळवतो, पण लिहिताना नाद सोडला तर फाइलच खराब व्हायची भीती. म्हणजे एक आशेवर मारतो, दुसरा उत्तर देऊन मारतो.

अशा वेळी प्रक्रियांच्या यादीत प्लेअरपुढे इंग्रजी डी उमटतो. ही सहसा न मोडणारी झोप. मारण्याचा साधा हुकूम दिला तर तो उशाशी हात जोडून थांबतो, साहेब जागे झाले की अंमलबजावणी. कुंभकर्णाला निदान ढोलताशांनी उठवता तरी आलं होतं.

शुक्रवारी संशय हार्ड डिस्कवर गेला. बराच वेळ कुणी काही मागितलं नाही की ती फिरायची थांबते, आणि मागितलं की पुन्हा वेग घ्यायला काही सेकंद खाते. हे योग्यच आहे, मीही तसाच आहे. किती वेळाने झोपायचं ते एचडीपार्म नावाच्या आज्ञेला एक आकडा देऊन ठरवतात. १ ते २४० पर्यंत प्रत्येक आकडा पाच सेकंदांचा, म्हणजे २४० ला वीस मिनिटं. इथवर शहाणपण आहे. २४१ ला मात्र एकदम तीस मिनिटं, २४२ ला तास. २५२ ला एकवीस मिनिटं. आणि २५५ ला एकवीस मिनिटं पंधरा सेकंद. हे पंधरा सेकंद कुणाच्या आग्रहाखातर घातले असतील? माहितीपुस्तिकेत खुद्द लिहिणाऱ्यानेच ही आकडेमोड जरा चमत्कारिक असल्याचं कबूल केलं आहे. मुहूर्त काढणाऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो.

त्याच रात्री खरा चोर सापडला. माळ्यावरचा लॅपटॉप वाय-फायवर होता, आणि वाय-फाय वीज वाचवत होतं. दोन पाकिटांच्या मध्ये डुलकी काढायची, ही त्याची काटकसर. ती बंद करायला नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये एक आकडा बदलावा लागतो. तिथे ३ लिहिलं होतं. बंद म्हणजे ०, हे शेंबडं पोर सांगेल. मी ० लिहिलं. काही झालं नाही. १ लिहिलं, तरी नाही. ० म्हणजे 'नेहमीप्रमाणे', १ म्हणजे 'आहे तसं राहू दे', २ म्हणजे 'बंद' आणि ३ म्हणजे 'चालू', हे मला रात्री पावणेदोनला समजलं. हे ज्याने ठरवलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. आमच्या सोसायटीच्या लिफ्टची बटणं त्याला दाखवायची इच्छा आहे.

शनिवारी आयपर्फ नावाच्या प्रोग्रामने नेटवर्कच्या वेगाची मोजणी केली. खोक्यावर तीनशे मेगाबिट छापलेल्या राउटरवरून हॉलमध्ये पोचत होते बावीस. लागणार पंचवीसच्या वर. उधारी तिथेच सुरू होत होती. कारण लॅपटॉपही वाय-फायवर, डेस्कटॉपही वाय-फायवर. प्रत्येक बिट आधी माळ्यावरून राउटरकडे हवेतून जाणार आणि राउटरकडून हॉलमध्ये पुन्हा हवेतूनच येणार, एकाच बोळातून दोनदा. त्यात २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आणि इमारतीतले बिऱ्हाडकरू चोवीस. मोजणी चालू असताना आकडा अचानक चारवर कोसळला, दीड मिनिटाने परत बावीस. मी डोकं खाजवत स्वयंपाकघरात गेलो. बायको मायक्रोवेव्हमध्ये वरण गरम करत होती. मायक्रोवेव्ह त्याच लहरींच्या पट्ट्यात काम करतो. सीमांतपूजनाच्या वेळी कढी तापत होती आणि गौरीहराच्या वेळी गुळाची पोळी, हा शोध मी वहीत तारीख घालून लिहिला. "तुमच्या नेटवर्कसाठी गार जेवायचं का?" हा प्रश्न तिने विचारला, त्याचं उत्तर मी वहीत लिहिलेलं नाही.

संध्याकाळी बाजारातून वीस मीटर निळी केबल आणली, माळ्यावरून दाराच्या चौकटीला खिळे मारत खाली उतरवली, दुसरी राउटरपासून डेस्कटॉपला. पहिली जोडणी शंभर मेगाबिटच दाखवत होती. आठ तारांपैकी एक टोप्यात नीट बसली नव्हती, आणि गिगाबिटला आठही लागतात. दुसरा टोपा लावून घेतला. आकडा नऊशे चाळीस. केबल आणि टोप्यांचे मिळून झाले सहाशे दहा रुपये. एकूण सहा दिवस.

रविवारी परत सगळे जमले. मी मायक्रोवेव्हचा प्लग काढून खिशात ठेवला. सीमांतपूजन झालं, एकदाही थांबलं नाही. गौरीहर झाला. आजोबा मठ्ठ्याचा पेला घेऊन अख्खा मांडव सलग चालत गेले. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींनी आ वासला, मामाने मूठ उगारली, आणि चित्र थांबलं.

सनई वाजत होती.

मी माउसवर झेप घेतली. वहिनींनी माझा हात धरला. "भाऊजी, आता एकदा तरी खाली बसा."

मी बसलो. चौथा सेकंद गेला, पाचवा गेला. आठव्या सेकंदाला चित्राच्या चारी बाजू काळ्या होत आल्या आणि मध्ये बदामाचा आकार उरला. बदामात अंतरपाट, दोन कोपऱ्यांत दोन गुलाब, खालून हळूहळू वर आलेलं 'शुभ विवाह'. बाराव्या सेकंदाला अंतरपाट दूर झाला, टाळ्या पडल्या, बँड लागला.

"व्हिडिओवाल्याने तेव्हाच टाकलाय तो स्टिल," वहिनी म्हणाल्या. "त्याचे वेगळे दीडशे रुपये घेतले होते."